लाल दाखल्याची गाडी

"तेल नासलंय," डॉ. उर्मिला किर्दत म्हणाल्या आणि तैलदर्शकाचा पडदा त्यांनी गिऱ्हाइकाकडे वळवला. "एक्केचाळीस टक्के भेसळ. वीसच्या वर गेलं की लाल दाखला. इंजिन उपसावं लागणार."

विजयमाला सपकाळनं पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "आवं, गाडी जुनी हाय, कबूल. पर आमच्या गावच्या डॉक्टरांनी सात वर्षं घाटात वापरली, तपासणीला कधी आणली न्हाई; दोन महिन्यामागं मी घेतली. एकदा बंद पडली न्हाई."

"आज ना उद्या पडेल. यवतेश्वरच्या घाटात गेल्या महिन्यात सात गाड्या अडकल्या, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. म्हणून तर साताऱ्याच्या या तेलतपासणी केंद्रापुढे रांग होती. विजयमालाचा नवरा निवृत्ती याची दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. दिवसाआड त्याला बामणोलीकडून घाट ओलांडून रक्तशुद्धीसाठी इथं आणावं लागे. आज दुपारी रक्तशुद्धी आटोपली तेव्हा तो पार गळून गेला होता आणि विजयमालाची गाडी रांगेत अडकलेली, म्हणून उर्मिलाबाईंनी स्वतःची हिरव्या दाखल्याची गाडी देऊ केली. चालकाशिवाय गाडी चालवणारा स्वयंसारथी त्याला घेऊन नुकताच घरी निघाला होता. बाई मनानं चांगल्या होत्या, यंत्रावर विश्वास मात्र जरा जास्तच.

बशीरचाचा मुलाणी, केंद्राचे जुने मिस्त्री, तेल उपसायला परात घेऊन आले. विजयमाला बॉनेटपुढे उभी राहिली. "हात लावायचा न्हाई!"

"ताई, समजून घ्या," उर्मिलाबाई म्हणाल्या. "हे जीवतेल आहे. यात डोळ्यांना न दिसणारे तैलजीव असतात. ते काजळी खातात, पाणी खातात आणि वंगण बनवतात. दह्यासारखं विरजण लावलं की वाढतं, बदलावं लागत नाही. परके जीव घुसले की मात्र नासतं."

"घुसल्यात हे कशावरनं?"

"मानकतेलाशी, म्हणजे आमच्या नमुन्याच्या तेलाशी ताडून. जेवढं वेगळं, तेवढी भेसळ."

"आन् तुमचं मानकतेल चांगलं, हे कशावरनं?"

उर्मिलाबाई हसल्या, पण ते हसू अर्ध्यावरच राहिलं. "बशीरचाचा, शीतकपाट बिघडल्यापासून मानकतेल आपण कुठून घेतो?"

"माझ्या बरणीतनं की! दर शनिवारी माझ्या गाडीतनं ताजं काढून बरणी भरतो. आमची अम्मी दह्याचं विरजण असंच जपायची. बारा वर्षांत एकदा मोडलं नाही," चाचा अभिमानानं म्हणाले.

"आणि गाडी कुठं फिरते तुमची?"

"कुठं फिरणार? घर ते केंद्र. दीड किलोमीटर."

बाईंनी घाईघाईनं तापपट्टी पेटवली आणि तिच्यावर दोन थेंब टाकले, एक मानकतेलाचा, एक विजयमालाच्या गाडीतला. शंभर अंशांना दोन्ही सारखेच पातळ. एकशे पंचवीसला मानकतेलाची खळ झाली. दुसरा थेंब एकशे साठलाही वाहत होता.

"अरे देवा!" बाई उद्गारल्या. "दीड किलोमीटरात इंजिन तापतच नाही, चाचा. बारा वर्षं या जीवांना उष्णता सोसावीच लागली नाही, म्हणून ती ताकदच गेली. यांच्या गाडीतले घाटात वाढलेत. ते वेगळे आहेत, नासके नाहीत. नासलंय ते आपलं."

विजयमालानं त्यांचा दंड धरला. "तुमच्या गाडीत कंचं तेल हाय?"

"बरणीतलं."

स्वयंसारथीला फोन लागेना, घाटात संपर्क कधीच नसतो. दाखला हिरवा असला की इंजिन तापल्याची सूचना तो यंत्राची चूक समजतो आणि थांबत नाही.

"हा शहाणपणा कुणाचा?" विजयमालानं विचारलं.

"माझाच."

विजयमाला स्टिअरिंगवर बसली, उर्मिलाबाई आणि चाचा मागे. पोवई नाका, मग चढ. दर वळणावर ती हॉर्न दाबत होती आणि तोंडानं पुटपुटत होती, देवाचं नाव की शिव्या, ते कळत नव्हतं. तिच्या इंजिनानं कुठंही कुरकुर केली नाही.

पाचव्या वळणावर बाईंची गाडी कठड्यात घुसलेली दिसली. इंजिन जाम, चाकं जाम, पुढचं एक चाक दरीवर अधांतरी. निवृत्ती आत पट्ट्यानं आवळलेला, हलायला घाबरत होता. चाचांनी पहारीनं मागचं दार उचकटलं आणि त्याला हळूहळू बाहेर ओढलं.

"माले, किती येळ गं!" तो म्हणाला.

तिनं त्याच्या खांद्यावर एक चापट मारली आणि हमसून रडायला लागली.

त्याला गाडीत नीट बसवल्यावर उर्मिलाबाई चाचरत म्हणाल्या, "ताई, एक वाटी तेल द्याल? नवं मानक बनवायला..."

"घाटातल्या दुसऱ्या कुनाकडनं घ्या. माझ्याच मागं का?"

बाईंनी चाचांकडे पाहिलं. चाचा खाली बसले होते.

"दुसरी उरली नाही," ते म्हणाले. "वरच्या गावांच्या सगळ्या गाड्या लालच निघायच्या. एकशे बारा गाड्या मी या हातानं उपसल्या आणि बरणीतलं विरजण घातलं. अडकल्या त्या सातही उपसलेल्याच होत्या."



"तेल देते," विजयमाला म्हणाली. "पर आधी ह्यास्नी घरी न्यायचं. आन् बाई, तुमी संगट चला. दारोदार जाऊन तुमच्या तोंडानं सांगा, गाडी काढू नका, चूक माझी हाय."

"सांगेन." बाई म्हणाल्या. "पहिलं घर कुणाचं?"

"शेलारांचं. त्यांच्या पोरीला आज दिसभर कळा येत्यात. कंच्याबी घडीला त्या उपसलेल्या गाडीतनं साताऱ्याला निघतील."

"मग थांबलात कशाला?" उर्मिलाबाई ओरडल्या. "चला!"