बिनवल्ह्याची मिएन

समुद्र त्या सकाळी अगदी शांत होता... आणि त्या शांत समुद्रात एक माणूस भोवऱ्यासारखा गरगरत होता.

आमच्याकडच्या नावा गोल असतात. बांबूच्या विणलेल्या, शेण आणि झाडाचा चीक लिंपलेल्या मोठ्या टोपल्याच त्या. तसल्या एका टोपलीत हा बसला होता आणि काठाला त्याने गवत कापायच्या यंत्राचं इंजिन बांधलं होतं. धूर, फटफट, फेस... आणि टोपली पुढे जायची सोडून जागच्या जागी फिरतेय! प्रत्येक फेरीला त्याचा चेहरा माझ्यासमोर यायचा, दर वेळी थोडा अधिक हिरवा.

"बंद करा ते!" मी ओरडले.

"बंद —" तो वळून गेला. परत आला. "— होत —" पुन्हा गेला. "— नाहीये!"

"तेलाची नळी ओढा, नळी!"

त्याने ओढली. इंजिन खोकून गप्प झालं. टोपली थांबली, पण त्याची मान मात्र आणखी थोडा वेळ फिरतच राहिली. मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. माझ्या हातांकडे पाहिलं. माझ्या टोपलीत इकडेतिकडे पाहिलं.

"तुमचं वल्हं कुठंय?"

"मला लागत नाही."

"मग इथवर आलात कशा?"

"अशी."

मी उभी होतेच. एक पाय पुढे, दोन्ही हात काठावर. अंग पुढे लोटलं, मागे ओढलं, पुन्हा पुढे... टोपलीची कड पाण्याला टेकते, उठते, टेकते, आणि नाव उड्या मारत पळते. फू येनच्या आमच्या किनाऱ्यावर हे पुष्कळांना येतं. पण माझ्यासारखं कुणाला नाही! हे मीच सांगते, कारण खरं आहे.

मी त्याच्याभोवती एक फेरी मारली. त्याचं तोंड उघडंच.

"मासा जाईल आत," मी म्हटलं.

त्याचं नाव विन्ह. खाडीपलीकडच्या गावात त्याचं इंजिनदुरुस्तीचं दुकान होतं. त्या दिवशी मी त्याला दोरीने ओढून किनाऱ्याला आणलं. पुढच्या आठवड्यात तो दोरी परत करायला आला. दोरी त्याचीच होती.

मग तो येतच राहिला. कधी इंजिनची जागा बदलून, कधी मागे फळी लावून. बाबा जाळं विणता विणता गालात हसायचे.

"टोपलीला पुढची बाजू नसते," मी एकदा सांगितलं. "पुढे कुठे जायचं ते तिला अंगाने सांगावं लागतं."

"मग शिकवा ना."

"तुम्हाला? दोन्ही पाय डावेच दिसतात तुमचे."

"शिकवणारी बरी असेल तर एक उजवा होईल."

शिकवलं. तो पडला, बाहेर आला, पुन्हा पडला. नाकातोंडात खारं पाणी, केसांत शेवाळ, आणि तरी हसतोय! मी त्याच्या मागे उभी राहून त्याचे हात काठावर धरून ठेवले.

"खांदे सैल सोडा. जोर कंबरेतून... हसू नका."

"हसत नाहीये. तू... तुम्ही इतक्या जवळ आलात की मला —"

"की काय?"

"की मला पोहता येत नाही असं वाटायला लागतं."

त्या लाटेला आम्ही दोघेही पडलो. पाण्यातून वर आलो तेव्हा 'तुम्ही' कुठेतरी बुडालं होतं.

उन्हाळा सरता सरता त्याने मला घरी नेलं. त्याची आई, लुआकाकू, नीटनेटकी बाई. घरातही पायात मोजे. तिने उसाचा रस पुढे केला, माझे खरबरीत तळहात पाहिले आणि विचारलं, "म्हणजे तू... कंबर हलवत नाव चालवतेस? चारचौघांत?"

"हो."

"वरच्या किनाऱ्याला म्हणे पोरी फिरायला आलेल्या पाहुण्यांसमोर टोपल्या गरगर फिरवतात. लोक टाळ्या पिटतात. माझ्या सुनेने अंग हलवून पोट भरावं, हे मला चालायचं नाही. लग्नानंतर ते बंद."

मी विन्हकडे पाहिलं. तो पेल्यात बघत होता.

मी उठले. "काकू, मी त्यावरच पोट भरते. माझ्या आईनेही भरलं. आणि मान वर करून भरलं."

तो दारापर्यंत धावत आला. "मिएन, ऐक ना —"

"तुझ्या इंजिनाचा एवढा आवाज," मी म्हटलं, "आणि तुझा एवढासुद्धा नाही?"

त्यानंतर तो आला नाही. बरंच झालं, असं मी सगळ्यांना सांगायचे. जाळ्यात माकुळ भरभरून येत होतं, मी रोज पहाटे निघायचे, रोज हसायचे. बाबा फक्त जेवताना माशाचा मऊ तुकडा माझ्या वाडग्यात सरकवायचे.

आणि एका दुपारी किनाऱ्यावर गलका झाला. खाडीच्या मुखातून एक टोपली येत होती. इंजिन नाही, वल्हं नाही. विन्ह उभा, घामाने निथळत, पुढे-मागे, पुढे-मागे... आणि त्याच्यासमोर बसलेली लुआकाकू. मांडीवर लाल कापडाने झाकलेलं तबक. पानसुपारीचं! मागणी घालायला येतात तसं.

क्षणभर माझ्या छातीत कुणीतरी ढोल वाजवला. पण मग पाण्याकडे लक्ष गेलं. ओहोटी लागली होती. खाडीचं पाणी समुद्रात धावत होतं आणि त्यांना सोबत नेत होतं.

"अरे, पूल होता ना यायला!" कुणीतरी म्हणालं.

बाबांनी माझ्या टोपलीत दोन वल्ही टाकली. "जा."

मी इतकी जोरात कधीच डोलले नव्हते. जवळ गेले तेव्हा विन्हच्या हातांची सालं निघाली होती.

"वल्ही घे!"

"नाही. तू जशी येतेस... तसाच येणार. मिएन, त्या दिवशी मी गप्प बसलो... लाज वाटते मला. मला तू... थांब, दम लागलाय... मला तू हवी आहेस. आहेस तशी. डोलणारी."

"आधी जिवंत राहा, मूर्खा!"

तेवढ्यात लुआकाकूने हात पुढे केला आणि माझ्या हातातली वल्ही काढून घेतली. तबक माझ्याकडे दिलं. चपला काढल्या. मोजे काढले. काठाच्या दोऱ्यांत वल्ही अडकवून ती मागे रेलली, आणि दोन्ही तळवे वल्ह्यांवर टेकवून... पायांनी नाव हाकू लागली!

उत्तरेला डोंगरांमधल्या नदीवर अशा बायका असतात, हे मी ऐकलं होतं. पाहिलं कधी नव्हतं. सायकल चालवावी इतके सहज ते पाय फिरत होते.

"आई!" विन्हचा आवाज चिरकला. "हे तू कधी —"

"तुझ्या जन्माच्या आधी. गप्प डोलत राहा." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "त्या नदीवरून लग्न होऊन इथे आले, तर जावा मला 'पायवाली' म्हणायच्या. तेव्हापासून पाय झाकले मी. तू त्या दिवशी मान वर करून गेलीस ना पोरी... रोज मोजे घालताना तू आठवायचीस."

मी त्यांना ओढलं नाही. ओढायची गरजच नव्हती. तो अंगाने, ती पायांनी, मी शेजारून डोलत, मांडीवर ठेवावं इतकं जपून ते तबक पायांशी धरून... ओहोटी कापत आम्ही येत होतो. विन्ह लय चुकला की मी ओरडायचे, "कंबरेतून!" आणि काकू ओरडायची, "ऐकतोस ना ती काय सांगते ते!"

वाळूला टेकलो तेव्हा सगळा किनारा उभा होता. बायका पातेली बडवत होत्या. कुणीतरी काकूच्या चपला पुढे केल्या. तिने घेतल्या नाहीत. ओल्या, सुरकुतलेल्या, अनवाणी पायांनी ती ताठ चालत बाबांसमोर गेली, माझ्याकडून तबक घेतलं आणि म्हणाली,

"तुमची मुलगी मागायला आलेय. तिचं काहीच बंद होणार नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. विन्हनेही पाहिलं, सोललेले हात पाठीमागे लपवून. मी ते हात पुढे ओढून माझ्या हातात घेतले.

"हो," मी म्हटलं. पातेल्यांच्या आवाजावर, अगदी शेवटच्या टोपलीपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.