बिननावाची नोंद

ही गोष्ट खरी आहे, देवाशपथ. म्हणजे देव मी मानत नाही, आणि गोष्टही सगळी खरी नाही. पण दिवा जरा इकडे सरकवा, मग सांगतो.

एटापल्लीच्या रस्त्याला, जंगलाच्या पोटात, झाडांच्या बियाण्यांचं एक संशोधन केंद्र आहे. तिथली नोंदवही संगणकावर चालते. कोणी, कुठल्या खोलीत, काय पाहिलं, ते ज्याने त्याने आपल्या नावासकट लिहायचं. नोंद तातडीची असेल तर सगळ्यांच्या मोबाईलवर घंटी वाजते. ते सॉफ्टवेअर बसवून देणारा मी.

पोळ्याच्या आधी केंद्रातल्या दिव्यानी मॅडमचा फोन आला. "कुलदीपभाऊ, लवकर या. वहीत बिननावाच्या नोंदी येऊन राह्यल्या."

पोचलो तेव्हा संध्याकाळ उतरत होती. ओलं जंगल, पाखराचाही आवाज नाही. लाईन गेलेली. जनरेटरवर शीतखोलीचं यंत्र तेवढं घरघरत होतं आणि इन्व्हर्टरवर संगणक. पडद्यावर एकाखाली एक तीच नोंद, लिहिणाऱ्याचं नाव कोरं:

दार उघडं हाये.

"शीतखोलीचं म्हणत असंन," मॅडम म्हणाल्या. "चारदा जाऊन पायलं, बंदच हाये. सेन्सरही बंदच दाखवते."

शीतखोली म्हणजे त्या केंद्राचा जीव. मॅडमनी डोंगर तुडवून गोळा केलेलं बियाणं तिथे होतं. त्यातली कित्येक झाडं आता उभीच नाहीत. खोली तापली की त्यांचं नावही संपलं.

मी म्हटलं, सोपं आहे. नावाचा रकाना सक्तीचा केला, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा चालू केलं. नोंदी थांबल्या. मी खुर्चीत रेललो. "झालं काम. चहा सांगा."

चौकीदार मुखरूभाऊने चहा आणला, पण उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाही.

"वास येते ना, साहेब?"

येत होता. मोहफुलांचा. मोह फुलतो उन्हाळ्याच्या तोंडाशी, आणि हे पोळ्याचे दिवस!

मॅडम पडद्याकडेच पाहत होत्या. "भाऊ, नोंद थांबली का दार बंद झालं?"

"म्हणजे?"

"सांगणाऱ्याचं तोंड दाबलं तुम्ही. काढा ते सक्तीचं."

"पण मॅडम, लिहितं कोण...?"

"ते मंग पाहू. वही काय फक्त लिहाले असते? वाचा ना."

सक्ती काढली. बोट उचलायच्या आत तिघांचेही मोबाईल एकदम वाजले...

आतलं दार उघडं हाये.

आता या बाईचं काळीज पाहा. शीतखोलीला दोन दारं, एकामागे एक. सेन्सर फक्त बाहेरच्याला. गारवा जाऊ नये म्हणून बाहेरचं दार कोणी उघडतच नव्हतं. बाहेरूनच पाहून परतायचे. मॅडम सरळ आत शिरल्या. मागे टॉर्च घेऊन मी. आत डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार, आणि मोहाचा वास घशाला चिकटणारा. आतल्या दारात बियाण्याची एक पिशवी अडकून फट राहिली होती. दोन दारांमधली दमट हवा आत झिरपत होती, खालच्या पिशव्या घामेजल्या होत्या. मॅडमनी एकटीने पिशव्या ओढल्या, पुसल्या, दार दाबून बंद केलं. मी टॉर्च धरून उभा. हात हलला नाही. बियाणं वाचलं.

बाहेर येऊन त्यांनी लिहिणाऱ्यांच्या यादीत एक नवं नाव घालायला लावलं: 'पाहणारा'. त्याला लिहायची मुभा. त्याचं लिहिलेलं पुसायची मुभा कोणालाच नाही. भुताला घाबरणारे खूप पाहिले. त्याला कामावर घेणारी हीच एक.

आता खोटं काय, ते सांगतो. टॉर्च मी धरला नव्हता. मी आत गेलोच नाही. बाहेर माझ्या जीपच्या काचा वर करून मुखरूभाऊला बिलगून बसलो होतो, आणि टॉर्च माझ्या मांडीवर होता.

मॅडमना हे कधी सांगितलं नाही. त्या आजही भेटल्या की म्हणतात, "त्या अंधारात काय उजेड धरला होता भाऊ तुम्ही, हात जरासा नाई हालला! फक्त एक सांगा... तुमच्या अंगाले मोहफुलाचा वास काऊन येत होता?"