रांग तुंबत नाही

तक्रार किरकोळ होती, म्हणूनच ती माझ्या गळ्यात पडली. जुनी कामं जुन्या माणसाला, हा आमच्या साहेबांचा न्याय. सव्वीस वर्षं प्रोग्रॅममधल्या चुका काढून माझा जीव विटला होता. तरी बॅग उचलली आणि हॉस्पिटलात गेले.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या वॉर्डात बत्तीस खाटा होत्या आणि प्रत्येक खाटेला एक बेल. रुग्णाने बटण दाबलं, की खाटेचा नंबर नर्सच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर दिसायचा. प्रोग्रॅम आमच्याच कंपनीचा. गोंधळ असा, की प्रत्येक बेलचा निरोप दोन ठिकाणी जात होता. एक या टेबलाकडे, दुसरा जुन्या इमारतीतल्या टेबलाकडे. ती इमारत सहा महिन्यांपूर्वी पाडली होती. जुना पत्ता काढायचा राहून गेला, एवढंच. पण तिकडेही निरोप व्यवस्थित गेल्याची नोंद रोज होत होती.

प्रोग्रॅमला नेटवर्कवर काही पाठवायचं असलं, की तो ते सॉकेटमध्ये लिहितो, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या हवाली करतो. सिस्टीम सांगते, इतके बाइट घेतले. घेतले म्हणजे पोचले नव्हे. टपालपेटीत पत्र टाकण्यासारखंच ते. पलीकडे घेणारं कुणी नसलं, की मजकुराची रांग तुंबते आणि शेवटी सिस्टीम हात वर करते.

इथे रांग तुंबत नव्हती. अठ्ठेचाळीस बाइट दिले, अठ्ठेचाळीस घेतले, दोन सेकंदांत रांग रिकामी. पलीकडून पोच येत होती.

जुन्या इमारतीकडे जाणाऱ्या केबलचा मी माग काढला. मागच्या मैदानात विटांच्या ढिगाशी ती संपत होती. टोक कापलेलं, आतल्या तारा हिरव्या पडलेल्या. वर येऊन सर्व्हरच्या खोलीतलं टोकही मी उपटलं आणि बेल वाजवून पाहिली. अठ्ठेचाळीस. रांग रिकामी.

अशा वेळी आपलीच चूक धरून चालायचं, ही माझी जुनी सवय. सिस्टीमची आवृत्ती बदलली. स्वतः दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. फरक शून्य. दमून मी कॉरिडॉरमधल्या बाकावर बसले.

समोरच अकरा नंबरच्या खाटेवर एक निवृत्त शिक्षिका होत्या, खुब्याचं हाड मोडलेल्या. त्यांनी बेल दाबली. वॉर्डातल्या दोन्ही सिस्टर दुसऱ्या टोकाला ड्रेसिंगमध्ये अडकल्या होत्या, म्हणून मीच उठून विचारलं, काही हवंय का. त्या म्हणाल्या, "आत्ताच देऊन गेल्या की पाणी." पेला अर्धा रिकामा होता. त्यांची हनुवटी ओली होती.

कॉरिडॉरमधून कुणी आत जाताना मला दिसलं नव्हतं.

मी मोठ्या सिस्टरना गाठलं. पन्नाशीच्या, पायांना सूज, बोलताना भिंतीला टेकणाऱ्या. त्यांनी आश्चर्य दाखवलं नाही. बत्तीस खाटांना दोन नर्स, असं त्यांनी मला हळू आवाजात सांगितलं. पावसाळ्यापासून असंच चाललंय म्हणाल्या. बेल वाजते, आम्ही पोचेपर्यंत कूस बदललेली असते, उशी नीट केलेली असते. हात गार असतात, एवढंच पेशंट सांगतात. तक्रार कुणाची नाही.

"बंद नका करू, ताई," त्या म्हणाल्या. "आम्हालाही जरा टेकायला मिळतं."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. दमलेल्या माणसाला दमलेल्या माणसाचं पटतं.

पण चूक ती चूक. शेवटचं मोजमाप करून जुना पत्ता काढून टाकायचा, असं मी ठरवलं. कोपऱ्यातली एकोणतीस नंबरची खाट रिकामी होती. दुपारी तीनच्या सुमाराला मी तिच्यावर लॅपटॉप घेऊन बसले आणि दर दोन मिनिटांनी बेल दाबायला लागले. प्रत्येक वेळी अठ्ठेचाळीस. अकराव्या बेलनंतर पाठ दुखायला लागली, म्हणून क्षणभर आडवी झाले.

डोळे उघडले तेव्हा खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं होतं.

माझा चष्मा मिटून उशाशी ठेवलेला होता. चपला खाटेखाली, टाचा जुळवून. अंगावर चादर होती, हनुवटीपर्यंत ओढलेली.

दोन्ही सिस्टरना विचारलं. त्या इकडे फिरकल्याच नव्हत्या.

खाटेच्या पायाशी रुग्णाच्या नोंदींच्या तक्त्याची पाटी लटकत होती. मघाशी ती कोरी होती. आता शाईने भरलेल्या अकरा ओळी होत्या, सुबक, जुन्या वळणाच्या. वेळा माझ्या बेलच्याच. तीन वाजून चार मिनिटं, नाडी ७६. तीन वाजून सहा, ७१. पुढे उतरत उतरत, दहाव्या ओळीत २२.

अकराव्या ओळीत नाडीच्या जागी आडवी रेघ होती. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, नातेवाइकांना कळवले.

मी मनगटावर बोटं ठेवली. नाडी लागत होती. मग लॅपटॉप उघडला, जुना पत्ता खोडला, जोडणी बंद केली. ओळ खोडताना दोनदा चुकले. त्या दिवसापासून वॉर्डात बेल वाजली की माणसं वाट बघतात, सगळीकडे बघतात तशी. मोठ्या सिस्टर पुन्हा माझ्याशी बोलल्या नाहीत.

फोन बॅगेत होता. दादाचे सात कॉल येऊन गेले होते.

मी लावला. त्याने उचलला. मी "दादा" म्हटलं. मग त्याने विचारलं, कोण बोलतंय.

मीच बोलतेय, याची त्याला खात्री पटवायला बराच वेळ गेला. लहानपणी आम्ही दोघांनी मिळून फोडलेल्या आरशाची गोष्ट सांगितली, तेव्हा तो रडायला लागला. हॉस्पिटलातून एका सिस्टरचा फोन आला होता म्हणाला. फार मायेने बोलत होत्या. तो गाडीत बसून निघालाच होता.

"मी म्हटलं, तासाभरात पोचतो," तो म्हणाला. "त्या म्हणाल्या, सावकाश या. आम्ही सगळ्या बसलोय तिच्याजवळ."