दोन बोटांचा वळसा

बोलणाऱ्या बाईच्या पायांकडं बघावं, नाहीतर सरळ डोळ्यांत बघावं. पण तंबू-सिनेमाचा हा मशीनवाला आकारामच्या लेकीच्या, अंजनाच्या ओठांवरच नजर लावून उभा होता! विहिरीवर, सकाळच्या कोवळ्या उन्हात, हातात पाण्याचा डबा धरून. त्याला काही रीतभात?

"आवं, तोंडाकडं काय बगतासा? पाणी कुणाला इचारून काढलंसा?"

पाठीमागून तिनं दोन हाका मारल्या, तेव्हा वळला नव्हता. आता वळला, तर हा असा.

"विजेच्या इंजनाला पायजे," तो हसून म्हणाला. "लय तापतंय... तुमच्यावानी."

अंजनाच्या तोंडाला तिखट लावायची गरज नव्हती. ते जन्मतःच होतं. तीन पाहुणे तिला बघून, चहा पिऊन, गप परत गेले होते. पण त्या दिवशी ती कळशीत पोहरा ओतू लागली. कळशी भरून काठावरून वाहू लागली तरी ओततच राहिली...

दुसरं महायुद्ध संपून वर्ष झालं होतं. मलकापूरच्या जत्रेला हंबीररावांचा तंबू आला आणि आकारामच्या पडीक रानात पाच दिवसांसाठी उभा राहिला. जागेच्या बदल्यात घरच्या बायकांना बसणं फुकट. दिवेलागणीला अंजना धोंडुबाई आत्तीला घेऊन बायकांच्या बाजूला जाऊन बसली.

पडद्यावर राणी आली. तिनं तोंड उघडलं – आवाज नाही. तोंड मिटलं, आणि मग तिचा आवाज आला! राजानं मिशीवर ताव देऊन ओठ हलवले, तर त्याच्या तोंडून राणीच रडायला लागली.

"आगं बया, राजाला काय झपाटलं काय?" आत्ती ओरडल्या. सगळा तंबू शिट्ट्यांनी दणाणला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंजना ताक द्यायचं निमित्त काढून तंबूत गेली. (ताक कुणी मागितलं नव्हतं.) हंबीरराव मशीनवाल्यावर कडाडत होते. "जोतीराम, आज शिट्टी वाजली तर सांगलीला दुसरा गडी घेतो. तुला हितंच सोडून जाणार, बघ!"

मालक गेले. जोतीराम पाठमोरा बसून मशीन पुसत होता.

"ताक आणलंया," ती म्हणाली. तो ढिम्म.

"आवं ताक!" तरी ढिम्म.

ती वळसा घालून समोर गेली. त्यानं दचकून वर पाहिलं, आणि नजर पुन्हा तिच्या ओठांवर टेकली. तेव्हा कुठं तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"तुमाला... ऐकू येत न्हाई?"

त्यानं आधी कनातीकडं पाहिलं, कुणी नाही ना म्हणून. "डाव्या कानानं काय बी न्हाई. उजव्यानं थोडं, पर मशीन सुरू झालं की तेबी बंद. पलटणीत तोफंजवळ हुतो. मालकास्नी सांगू नगासा. सांगितलं तर आजच घालवतील."

"मग सिनेमातलं कसं कळतं?"

"ओठ वाचतो. माझ्या लेखी राणी येळंवरच बोलती."

अंजना हसली नाही. हसावंसं वाटलं होतं, पण तिनं ताकाचा तांब्या त्याच्यापुढं सरकवला.

मग त्यानं तिला मशीन दाखवलं. वर एक खिडकी, तिथं चित्र. खाली एक दिवा, तिथं आवाज. दोन्हीच्या मध्ये फिल्मचा वळसा सोडायचा. वळसा मोठा झाला की आवाज मागं राहतो, लहान झाला की पुढं पळतो. नेमका किती, हे कान असलेल्यानं सांगायचं.

"मी सांगीन," ती म्हणाली. "बायकांच्या बाजूनं. तुमी बगा फकस्त."

"बगू? काल त्याच्यावरनं तर भांडलासा."

"काल परवानगी न्हवती."

त्या संध्याकाळी पहिलं रीळ संपलं, कंदील मोठा केला, आणि पाचशे माणसांच्या गलक्यातून तिनं मान वळवली. ओठ हलवले, आवाज मात्र काढला नाही. *मागं हाय... एक बोट कमी.* दूर मशीनपाशी त्यानं मान हलवली. दुसऱ्या रिळानंतर – *अजून थोडं.* तिसऱ्याला राणीचे ओठ आणि राणीचा गळा असे जुळले, जसं काठावरचं झाड आणि कृष्णेतलं त्याचं रूप. *आलं,* तिनं ओठांनी सांगितलं. आणि जोतीराम असा हसला, की पुढचं चित्र तिला दिसलंच नाही.

"काय पुटपुटतीस गं?" आत्तींनी विचारलं.

"मारुतीचं नाव घेतीया."

"घे, घे. लगीन जमंल."

दोन बोटांचा वळसा नेमका बसला होता. जोतीरामनं मशीनवर चुन्याची खूण केली. झालं काम. आता तिची गरज उरली नव्हती, आणि हे घरी जाताना तिला जरा टोचलं.

पण तिसऱ्या दिवशी आवाज पुन्हा मागं! चौथ्या दिवशीही. दर रिळाला तिनं बघायचं, त्यानं वाचायचं, आणि मध्येच एकदा त्याच्या ओठांनी विचारलं – *जेवलासा?* तिनं लाजून पदर चावला. पण चौथ्या दिवशी शिट्ट्या जास्त वाजल्या. हंबीरराव म्हणाले, "उद्या शेवटची संधी. मग दुसरा गडी."

पाचव्या दिवशी सकाळी अंजना तंबूत शिरली, ती सरळ मशीनपाशी. चुन्याची खूण ओल्या फडक्यानं पुसलेली होती.

"ही कुणी पुसली?"

तो खाली बघत राहिला. "मीच."

"का?"

"खूण राहिली असती, तर तुमी माझ्याकडं कशाला बगितलं असतं..."

बाईमाणसाला यापेक्षा गोड काही कुणी बोललं नसेल, आणि यापेक्षा बिनडोक काही कुणी केलं नसेल. भाकरी पणाला लावायची, ती एका नजरेसाठी? अंजना तरातरा निघून आली.

संध्याकाळी ती त्याच्याकडं पाठ करून बसली. पहिलं रीळ – आवाज मागं. शिट्ट्या. कंदील मोठा झाला. तिनं मान वळवली नाही. दुसरं रीळ, पुन्हा तेच. लोक उठू लागले. हंबीरराव काठी टेकत मशीनकडं निघाले. अंजना एकदम वळली.

तो तिच्याचकडं बघत होता. कधीपासून, देव जाणे.

*दोन बोटं कमी,* तिचे ओठ म्हणाले. *लवकर!*

तिसऱ्या रिळाला राणी ओठ उघडताक्षणी बोलली. शिट्ट्या विरल्या. हंबीरराव अर्ध्या वाटेत थांबले, पडद्याकडं बघितलं, आणि तिथंच खाली बसले.

दुसऱ्या दिवशी तंबू उतरत होता. बैलगाड्या सांगलीच्या वाटेला तोंड करून उभ्या. आकाराम दोरखंड सोडवायला हात लावत होते, हंबीरराव पान लावत होते. अंजना सगळ्यांच्या मधून चालत गेली आणि जोतीरामच्या समोर उभी राहिली. चार दिवस जे ओठांतल्या ओठांत बोलली, ते आता खणखणीत आवाजात बोलली. तिच्या आबांचा हात दोरखंडावरच थांबला.

"नीट बगा आन् ऐका. चुना पुसला जातो, तवा मशिनीवर कानशीनं खाच पाडा. कानाचं मालक बी आता ऐकत्यात, खरं सांगून टाका. काम चोख हाय तर ते ठेवून घेतील, आन् न्हाई ठेवलं तर आमच्या उसात कामाला तोटा न्हाई. माझ्याकडं बगायला आवाज मागं पाडायची गरज न्हाई. सांगलीचा खेळ झाला की घरची थोरली माणसं घिऊन या आन् आबांस्नी इचारा. लय खुळं हायसा तुमी... पर मला चालतंय."