चहाची वर्तुळं

“सगळे डाग एकाच मापाचे आहेत. थरथरत्या हातातून पाणी असं गोल सांडतं होय?” वेनिंगचा मित्र रेंग्गा याने विचारलं, तशी तीही डागांवर वाकली.

सकाळी कारखान्यातल्या म्हाताऱ्या कारागिराने, पाक्धे म्हणजे काका कस्दींनी, मशिदीसाठी कोरलेल्या पांढुरक्या जाळीला लोखंडाचं पाणी लावलं होतं. गंजके खिळे व्हिनेगरमध्ये मुरवले की ते तयार होतं. रंगाचा थेंबही न घालता लाकूड करडं होतं. जाळी छान करडी झालीही; पण खालच्या सपाट फळीवर काळीकुट्ट वर्तुळं उमटली. कारखाना वेनिंगच्या वडिलांचा. ते चिडले, तेव्हा ती शहाणपणाने बोलून गेली, “पाक्धेंचे हात हल्ली थरथरतात.” तिने पाहिलं काहीच नव्हतं, आपलं ठोकून दिलं होतं! वडील म्हणाले, “पाक्धे, उद्यापासून घरीच आराम करा.”

रेंग्गाने चहाचा ग्लास एका वर्तुळावर ठेवला. तंतोतंत बसला.

“काल सुट्टीची पार्टी आपण कुठे केली गं?”

“इथेच,” वेनिंग पुटपुटली. “या फळीवर. सांडलेला चहा मी बाहीने पुसला होता.”

त्यांनी त्याच लाकडाच्या तुकड्यावर चहा लावला, वाळवला, वर लोखंडाचं पाणी फिरवलं. बघता बघता तुकडा काळा झाला.

“चोर सापडले,” रेंग्गा म्हणाला. “आपणच! आता?”

वेनिंगला वाटलं, तुकडा भुशात पुरून टाकावा. पण पाक्धे कोपऱ्यात आपले ब्रश गुंडाळत होते. तुकडा घेऊन ती वडिलांपुढे उभी राहिली. “डाग आमचे आहेत, बापाक. आणि हातांचं मी खोटं सांगितलं.”

वडिलांनी पाक्धेंचे दोन्ही हात धरून माफी मागितली. पाक्धे तुकडा न्याहाळत म्हणाले, “मशिदीवाले हो म्हणाले, तर सगळ्या जाळीलाच चहा लावू. काळी जाळी शोभून दिसेल.”

“शाबास पोरांनो! शोधलंत आणि कबूलही केलंत,” वडिलांनी पाठ थोपटली. वेनिंगला वाटलं, त्यापेक्षा दोन रट्टे दिले असते तर बरं झालं असतं.

ती ब्रश आणून द्यायला धावली. रोज “ए माकडे” म्हणून हाक मारणाऱ्या पाक्धेंनी तो अदबीने घेतला.

“आपण जरा बाजूला उभ्या राहा, ताईसाहेब,” ते म्हणाले. “कपडे खराब होतील.”