माशी फसते ते झुडूप

"झुडूप बदललंय, आणि ते माळ्यानंच बदललंय," काचघरात शिरता शिरता संशोधक बाई म्हणाल्या. "कालच त्याच्या घरी जाऊन सांगून आले, उद्यापासून येऊ नकोस."

"मग आम्हाला कशाला बोलावलंत?" भाऊजींनी विचारलं. शोधाची कामं घेणाऱ्या वहिनींचे हे धाकटे दीर. वहिनींची पिशवी धरायची आणि चारचौघांत विचारायला लाज वाटेल ते खुशाल विचारायचं, ही त्यांची दोन कामं.

"झुडूप परत हवंय. तसं ते एकच आहे. त्याची एक काडी मी सख्ख्या भावालाही दिलेली नाही."

बाईंनी समजावून सांगितलं. चिलटाएवढी माशी कोवळ्या कोंबात अंडी घालते. पानावर गाठ येते, आणि अळी त्या गाठीतच खाऊन-पिऊन मोठी होते. तिला दुसरीकडे जाता येत नाही. आईची निवड चुकली की पोराचं मरण ठरलेलं.

"माझ्या झुडपावरही माशी बेलाशक अंडी घालते. पण पान अंड्याभोवतीचा तेवढाच भाग मारून टाकतं. तपकिरी ठिपका उरतो, अळी उपाशी मरते. गाठ कधीच येत नाही."

कुंडीतलं झुडूप मात्र गाठींनी लगडलं होतं. वहिनींनी पानं बाजूला सारली आणि मातीलगतच्या खोडावरून बोट फिरवलं.

"इथे कोण कोण येतं?"

बाई पाय मोडून दोन महिने घरी होत्या, काल पहिल्यांदा आल्या. माळी लेकीच्या बाळंतपणाला गेलेला, तो गेल्याच आठवड्यात परतला. तेव्हापासून किल्ली त्याच्याकडे. त्याआधी पाणी घालायला सहायक आणि बाईंचे दादा आळीपाळीनं येत.

सहायक पिंजऱ्यातल्या माश्या मोजत होता. "मी झाडांना हात लावत नाही. एकदा कलम बांधलं होतं, ते जगलं नाही. बाई अजून हसतात."

दादांची गॅलरी कुंड्यांनी भरली होती. "हिला कलम बांधायला मीच शिकवलं," ते ऐटीत म्हणाले. तिथल्या झुडपांची पानंही गाठींनी खडबडीत झाली होती. कोपऱ्यातल्या एका झाडावर मात्र तपकिरी ठिपके होते.

"याला काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"करपा पडलाय."

भाऊजींनी लगेच राख टाकायचा सल्ला दिला. दादांनी मान हलवली.

माळी आपल्या दारात बसला होता. "मी परत आलो तेव्हाही गाठी होत्या. काल हेच सांगू लागलो, तर बाई ऐकेनात."

संध्याकाळी वहिनींनी बाई, दादा आणि सहायक यांना काचघरात जमवलं.

"झुडूप बदललेलंच नाही," त्या म्हणाल्या. "हा बघा कलमाचा जोड. खालचा खुंट साध्या जातीचा, वरचं झाड बाईंचं. वरचं कुणीतरी कापून नेलं, मग खुंटाला फूट आली. साध्या पानांवर माशीच्या पोरांचं फावलं. बाई, तुम्ही पानंच बघत बसलात, खोडाकडे बघायचं राहून गेलं."

बाई खाली वाकल्या. जोडाच्या वर कापल्याची खूण स्पष्ट दिसत होती.

"एवढी फूट आठवड्यात येत नाही. झाड कापलं तेव्हा माळी लेकीकडे होता."

"म्हणजे सहायक!" भाऊजी ओरडले.

"भाऊजी, नेलेल्या काड्या जगवायला हात बसलेला लागतो." वहिनी दादांकडे वळल्या. "तुमच्या गॅलरीत सगळीकडे गाठी आहेत. त्याच माश्यांनी कोपऱ्यातल्या झाडावरही अंडी घातली. पण तिथे गाठ एकही नाही, नुसते ठिपके. तो करपा नव्हे."

"शिकवलं मी," दादा म्हणाले, "आणि झुडपाला नाव हिचं एकटीचं लागणार. झाड उद्या आणून देतो."

बाई आधी संतापल्या, मग रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी वहिनींना आपल्याबरोबर माळ्याकडे चलायची गळ घातली. एकटीनं जायचा धीर होत नव्हता.

"माझं चुकलं," त्या दारातच म्हणाल्या. "उद्यापासून कामावर या."

माळी बाजूला सरकला. "मला नका सांगू. तुम्ही चोर म्हणालात ते सूनबाईनं ऐकलं. कालपासून तिनं कपाटाला कुलूप लावलंय. आत या, तिला सांगा."

बाई आत गेल्या.