सातवं भोक

"ही तुमचीच ना?"

बुधवारी लॅबमधल्या इनक्युबेटरपाशी आले, तर समोरच्या टेबलावरचा नवा लंबू माझी चार नंबरची बाटली हातात धरून उभा!

"माझीच. तुमचं तिच्याशी काय काम?"

"जरा... जागा करत होतो." तो हसला. छान हसला, म्हणून तर मला जास्तच संशय आला.

माझ्या सहा बाटल्यांत हायड्रोजन कोंडलेला होता. चारांत जिवाणू होते. हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड खाऊन ते ॲसिटेट बनवतात. त्यातून मिळणारी शक्ती इतकी तुटपुंजी, की हायड्रोजन ठरावीक पातळीखाली गेला की बिचारे खाणंच सोडतात. ती पातळी शुक्रवारी माझ्या गाईड मॅडमना दाखवायची होती, नाहीतर तीन महिने पाण्यात. उरलेल्या दोन बाटल्या जिवाणूंशिवायच्या, नुसत्या तुलनेसाठी. चार नंबर त्यातलीच.

आणि गुरुवारी तिच्यातला हायड्रोजन निम्म्यावर आला! खायला कोणी नाही, मग गेला कुठे? वायू मोजायला दर वेळी रबरी बुचातून सुई टोचून नमुना काढायचा आणि वहीत नोंद करायची. भिंगाखाली बुचावरची भोकं मोजली. वहीत सहा नोंदी, बुचावर सात भोकं. माझं डोकंच फिरलं.

"तुम्ही माझी बाटली टोचलीत!"

लंबूने ती पाण्यात बुडवली. एकमेकांना खेटल्याने न मिटलेल्या दोन भोकांतून बारीक बुडबुडे वर आले. बाकीच्या पाचही बुडवल्या. एकीतूनही बुडबुडा नाही.

"चार नंबर वगळा, बाकी काम पक्कं आहे. फक्त कारण लिहावं लागेल."

"लिहीन की! सातवं भोक कोणी पाडलं ते!"

"तुम्हीच... मंगळवारी. मी दारात आलो. तुम्ही सुई टोचलीत, काढलीत आणि — माझ्याकडे बघत — पुन्हा टोचलीत."

माझे कान तापले. "तुम्हाला काय माहीत?"

"मी तरी दुसरीकडे कुठे बघत होतो? काल बाटली तपासायलाच आलो होतो. सांगायचा धीर होईना..."

शुक्रवारी मॅडमनी वही वाचली. "चार नंबर मंगळवारी दोनदा टोचली. लक्ष नव्हतं." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "लक्ष कुठे होतं?"

थाप मारली असती, तर बाटली वगळणं ही लबाडीच झाली असती. मी समोरच्या टेबलाकडे बोट दाखवलं.

"असं होय! मग साक्षीदार म्हणून त्याची सही घ्या."

लंबू लाजत आला, वाकला, त्याने सही केली. आणि माझ्या ओळीखाली हळूच लिहिलं — "माझंही नव्हतं."